महिला आयोगाकडे अर्ज करताना: काय मागावे, कसे लिहावे, कुठे विसंबून राहू नये

महाराष्ट्र राज्य महिला आयोग 1993 च्या राज्य कायद्याने स्थापन झाला. समन्स काढणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण आयोग कुणाला अटक करत नाही, शिक्षा देत नाही, घटस्फोट देत नाही आणि पोटगीचा हुकूमही काढू शकत नाही. त्याचा खरा उपयोग ढिम्म बसलेल्या यंत्रणेला हलवण्यासाठी आहे. तक्रार न घेणारे पोलीस ठाणे असो की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समितीच न नेमलेली कंपनी, आयोगाचे पत्र आले की लेखी उत्तर द्यावे लागते. म्हणून ‘मला न्याय मिळवून द्या’ एवढ्यावर अर्ज संपवू नये. कुणाला काय विचारायचे, हे आयोगाला तुमच्या अर्जातूनच कळले पाहिजे.

मारहाण चालू असेल, घराबाहेर काढले जात असेल, तर आयोगाच्या उत्तराची वाट पाहू नका. 112 वर पोलिसांना बोलवा. निवारा किंवा सल्ला हवा असेल तर 181 वर फोन करा. आयोगाची हेल्पलाइन 155209 आहे.

आधी पोलीस ठाण्याचा कागद

सासरच्या छळाच्या तक्रारीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बाई ठाण्यात जाते, तिच्या हातात एक कागद येतो आणि गुन्हा नोंदला गेला असे तिला वाटते. तो कागद वाचा. वर ‘अदखलपात्र’ लिहिले असेल तर ती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद आहे; एफआयआर, म्हणजे तपास सुरू करणारी गुन्ह्याची नोंद नाही. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खालचा गुन्हा आहे आणि पीडित स्त्रीने किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकाने तक्रार दिली तर तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात. हद्द आमची नाही, हे कारण चालत नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते.

ठाण्यात नकार मिळाला तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाला. पावती जपून ठेवा. ती पावती जोडलेला अर्ज आयोगाकडे गेला की प्रश्न नेमका होतो: या तारखेच्या तक्रारीवर काय केले?

अर्ज

अर्जाला शुल्क नाही, वकील नसला तरी चालतो. दोन पाने पुरेत. पहिल्या परिच्छेदात तुमचे व समोरच्यांचे पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि नाते द्या. समोरच्याचा पत्ता अर्धवट असला की नोटीस परत येते आणि सुनावणी लांबते.

मग घटना, तारखेने. ‘लग्नापासून माझा अतोनात छळ झाला’ या वाक्यावर कुणालाच जाब विचारता येत नाही. ‘12 मार्च रोजी रात्री दहाच्या सुमारास पतीने बेल्टने मारले, दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात उपचार घेतले, केसपेपर सोबत जोडला आहे’ असे लिहिले की तपासता येते. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने ठोकून देऊ नका. ‘दिवाळीच्या आठवड्यात’ असे लिहा. चुकीची तारीख पुढे कोर्टात तुमच्याच विरुद्ध वापरली जाते.

पुराव्यांच्या छायांकित प्रतीच जोडा, मूळ कागद कधीच देऊ नका. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये नुसते ‘अहो’ किंवा सेव्ह केलेले नाव दिसून भागत नाही. संपर्क उघडून नंबर दिसेल असा आणखी एक स्क्रीनशॉट काढा. संदेश ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, रीसेट करू नका. स्त्रीधनाची यादी वेगळ्या कागदावर करा: वस्तू, वजन, कुणी दिली, आता कुणाकडे आहे. पावत्या नसतील तर दागिने दिसणारे लग्नाचे फोटो जोडा.

शेवटी मागणी, स्पष्ट शब्दांत: ‘अमुक पोलीस ठाण्याकडून माझ्या तक्रारीवरील कार्यवाहीचा अहवाल मागवावा’, किंवा ‘दोन्ही पक्षांना सुनावणीस बोलवावे’. तीच तक्रार कोर्टात किंवा राष्ट्रीय महिला आयोगाकडे चालू असेल तर तसे लिहा. दडवून ठेवले आणि नंतर उघड झाले तर विनाकारण तुमच्यावरचा विश्वास उडतो. अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ‘महिला आयोग आपल्या दारी’ या आयोगाच्या उपक्रमाची जनसुनावणी जिल्ह्यात होते, तेव्हा पोलीस व इतर खात्यांचे अधिकारी तिथेच हजर असतात, अडलेले काम पुढे सरकण्याची ती चांगली संधी असते.

ज्या मुदती थांबत नाहीत

आयोगाकडे अर्ज दिला म्हणून कायद्यातली मुदत थांबत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत त्या कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे गेली पाहिजे. सबळ कारण असल्यास समिती आणखी 3 महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागी किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत, हे सगळे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी देतात. त्यासाठी या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे हिंसाचाराची माहिती नोंदवण्याचा ठरलेला नमुना, भरून घ्या. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत मिळावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज सुरुवातीलाच जोडा. वकिलाच्या फीची चिंता नको: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

समझोत्याची सही

समुपदेशनात अनेकदा तडजोड होते आणि काही घरांत ती टिकतेही. पण आयोगासमोर लिहिलेला समझोता म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. नवऱ्याने ठरलेली रक्कम दिली नाही तर त्या कागदावरून वसुली होत नाही. म्हणून रक्कम, तारीख आणि कुठल्या खात्यात, हे तिन्ही त्यात लिहून घ्या. प्रकरण कोर्टात असेल तर तोच मजकूर संमतीच्या अटी म्हणून तिथे दाखल करा. ‘आधी केस मागे घे, मग पैसे देतो’ म्हणत असतील तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत माघारीच्या कागदावर सही करू नका.