कढीपत्ता बियांपासून लावताय? या चुका टाळा

ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या बाजारात भाजी घेतली की मिरची-कोथिंबिरीबरोबर कढीपत्त्याच्या दोन काड्या वर मिळायच्या. त्या सवयीमुळे आता जुडीचे वेगळे पैसे मोजताना जिवावर येतं आणि माणूस ठरवतो, बाल्कनीत लावूनच टाकू. चार-सहा महिन्यांनी कुंडीत एक वाळकी काटकी उरते. माझ्या दोन कुंड्या अशाच गेल्या. मी त्याला कोथिंबिरीसारखं वागवत होते, चूक तिथेच होती. कोथिंबीर आठ-दहा दिवसांत उगवते आणि दीड महिन्यात कापून मोकळं होता येतं. कढीपत्ता हे झाड आहे, लिंबू, बेल आणि कवठाच्या कुळातलं. त्याला झाडाएवढा वेळ द्यावा लागतो.

सुकलेलं बी

पहिली चूक कुंडीपर्यंत पोचायच्या आधीच होते. मी ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात सुरकुतलेल्या काळ्या बिया होत्या. एकही उगवली नाही आणि मी महिनाभर मातीला दोष देत बसले. धने डब्यात वर्षभर राहिले तरी रुजतात. कढीपत्त्याचं बी तसं नाही, ते सुकलं की मेलं. ताज्या बियांचीही उगवण काही आठवड्यांतच झपाट्याने घटते. म्हणून बी विकत घेण्यापेक्षा झाड शोधा. घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच सोसायट्यांच्या आवारात कंपाउंडला लागून एखादं झाड असतं. पावसाळ्याच्या सुमारास त्याला जांभळट काळी, चकचकीत फळं येतात. बुलबुलांनी संपवायच्या आत पिकलेली मूठभर गोळा करा.

फळ तसंच मातीत टाकायचं नाही. गर बोटांनी काढून बी पाण्यात स्वच्छ धुवा, नाहीतर गर कुजतो, मुंग्या येतात आणि बुरशी धरते. आतलं बी हिरवट, पातळ सालीचं असतं, त्यामुळे जोर लावू नका. गर चवीला गोड असतो, बी मात्र कोणी खात नाही. घरात लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. धुतलेलं बी त्याच दिवशी किंवा फार तर दोन-तीन दिवसांत, एक सेंटिमीटरभर खोल पेरा. त्याहून खोल नको.

आणि मग वाट बघा. दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मी बाराव्या दिवशी "बघू तरी काय चाललंय" म्हणून काडीने उकरलं, तर बारीकसा मोड काडीला लागून तुटून वर आला. नंतरच्या खेपेला बारा बियांतली नऊ रोपं आली, कारण मी बी पेरलेल्या पिशव्या मागच्या ग्रिलमध्ये ठेवून विसरून गेले होते.

झाडाखाली आपोआप उगवलेली रोपं उचलणार असाल तर ती खरंच कढीपत्त्याची आहेत का ते बघा. आमच्या मजल्यावरच्या काकांनी वर्षभर कडुनिंब वाढवला. लहानपणी दोन्ही फसवतात. पान चुरगाळून वास घ्या, आणि कडुनिंबाच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते हे लक्षात ठेवा.

माती, पाऊस, थंडी

नर्सरीतली नुसती लाल माती दोन पावसांत विटेसारखी घट्ट होते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाडी वाळू, एवढं पुरतं. रोपाचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून पसरट ट्रेपेक्षा उंच पिशवी बरी. चार-सहा पानं आली की मुळाभोवतीच्या मातीसकट हलवा. बोटभर रोप थेट बारा इंची कुंडीत लावायचा मोह आवरा. एवढ्या मातीतलं पाणी ते रोप पिऊ शकत नाही, मग मूळ कुजतं.

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत कुंडीखालची ताटली काढून टाका. मी ती फरशीला डाग पडू नयेत म्हणून ठेवली होती. फरशी वाचली, रोप गेलं. कुंडीचं भोक मातीने बुजलंय का, हेही आठवड्याला बघा.

डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात. ते बघून आपण पाणी वाढवतो, खत घालतो. दोन्ही नको. मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका. नखाने साल जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, ऊन वाढलं की फुटेल.

ताक, राख आणि अळ्या

"आंबट ताक घाल, बघ कसा फुटतो," असं सासूबाईंनी मला सांगितलं होतं, तुम्हालाही कोणीतरी सांगेलच. या झाडाला किंचित आम्लधर्मी माती आवडते, त्यामुळे सल्ल्यात तथ्य नाही असं नाही. पण अंगणातल्या झाडाला तांब्याभर ताक वेगळं आणि बंद बाल्कनीतल्या कुंडीला वेगळं. वास येतो, चिलटं होतात, वर पांढरी बुरशी धरते. घालायचंच तर महिन्यातून एकदा, लोणी काढलेलं, दहापट पाणी घालून. सासूबाई येणार असतील त्या दिवशी मी घालते. राख मात्र घालू नका. राखेने माती अल्कधर्मी होते, लोह मुळांना मिळेनासं होतं आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं.

पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर ती बहुधा लिंबू फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्ल्यू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. ओवळेकर वाडीतली फुलपाखरं बघायला आपण तिकीट काढून जातो आणि घरच्या अळीवर फवारा मारतो! झाड कमरेएवढं असेल तर खाऊ द्या थोडं. वीतभर रोपाला मात्र दोन अळ्या एका दिवसात बोडकं करतात, तेव्हा त्या उचलून सोसायटीच्या झाडावर सोडा. शेंडे आकसून चिकट झाले असतील तर तो रस शोषणारा कीटक. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा, आणि पुढचे आठ-दहा दिवस ती पानं फोडणीत नको.

तोडताना आणि फोडणीत

पहिलं वर्षभर तोडूच नका. नंतरही लागतील तशी चार-चार पानं ओरबाडू नका, शेंडा कात्रीने कापा. खालून दोन फांद्या फुटतात आणि झाड काठीसारखं उंच न होता भरतं. लहान झाडाला कळ्या आल्या तर त्याही खुडा.

तेलाचा धूर निघाल्यावर टाकलेला कढीपत्ता काळा पडतो, वास उडून जातो. मोहरी तडतडली, गॅस बारीक केला, की मग. उरलेली पानं उन्हात वाळवू नका. पुसून, देठासकट, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा. तशीच गोठलेली फोडणीत चालतात, फक्त झाकण हातात धरून उभं राहा. चिवड्याला मात्र ही पानं वापरू नका. तिथे ताजी पानं धुऊन पंख्याखाली रात्रभर फडक्यावर सुकवायची आणि हाताने चुरा होईल इतकी कुरकुरीत तळायची. एका पानात ओल राहिली तरी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी डबाभर चिवडा सादळलेला असतो.