किलोमीटर की मैल: ब्रिटनमधल्या जपानी गाड्यांचं खरं रनिंग कसं काढायचं

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या धंद्यात नव्याने शिरणाऱ्याला जपानहून आलेल्या गाड्या लवकरच भेटतात. अल्फार्ड, एलग्रँड, बोंगो, जुन्या स्पोर्ट्स गाड्या. स्टिअरिंग उजवीकडेच, गाड्या बहुतेक निगुतीने ठेवलेल्या, म्हणून खप भरपूर. पण जपानचं मीटर किलोमीटरमध्ये आणि ब्रिटनचे रस्ते मैलांमध्ये. इथे स्पीडोमीटरवर मैलांतला वेग दिसायलाच हवा, म्हणून गाडी उतरली की मीटरला कोणीतरी हात लावतोच. भारतातून आलेल्या माणसाचा डोळा ओडोमीटरवरचा आकडा आपोआप किलोमीटर समजून वाचतो, ब्रिटिश गिऱ्हाइकाचा मैल समजून. दोघेही चुकू शकतात, कारण पुष्कळ गाड्यांत तो आकडा धड किलोमीटरही नसतो आणि धड मैलही.

रूपांतर कसं झालंय हे आधी ओळखायचं. ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात. पहिला, फक्त तबकडी बदललेली. काट्यामागे मैलांचे आकडे छापलेली नवी चकती बसवतात, आतलं यंत्र तेच राहतं, त्यामुळे ओडोमीटर पुढेही किलोमीटरच मोजतो. दुसरा, चिप. वेगाचा सिग्नल मीटरपर्यंत पोचण्याआधी छोटं सर्किट त्यातले स्पंद १.६०९ ने भागतं. तबकडी मूळचीच राहते, पण आता तिच्यावरचे आकडे मैल म्हणून वाचायचे. आणि त्या दिवसापासून ओडोमीटरही मैल मोजू लागतो, आधीच्या किलोमीटरांच्या डोक्यावर. तिसरा, मीटर बाहेर काढून आकडाच मैलांत बदलून लिहिलेला. तो प्रामाणिकपणे केलेला असेल तर हिशोब सर्वांत सोपा, आणि लबाडीला जागाही तिथेच सर्वांत जास्त.

पहिले दोन ओळखायला तबकडीचं टोक बघा. जपानी बाजारातल्या साध्या गाड्यांचा स्पीडोमीटर बहुधा १८० किलोमीटरवर संपतो. १८० किलोमीटर म्हणजे ११२ मैल. तबकडी ११०च्या आसपास संपत असेल तर चकती बदललेली आहे आणि ओडोमीटर बहुतेक किलोमीटरमध्ये आहे. तबकडी १८० पर्यंत जाते, काटा मात्र मैल दाखवतो, आणि ‘किलोमीटर प्रतितास’ ही अक्षरं खरवडलेली किंवा स्टिकरखाली झाकलेली दिसतात, तर चिप आहे असं धरा. केइ, म्हणजे जपानमधल्या सर्वांत छोट्या वर्गातल्या गाड्यांत मूळ तबकडी १४० ला संपते, म्हणजे चकती बदलल्यावर सुमारे ८७.

नवखे इथे हमखास फसतात. जीपीएस लावून वेग तपासतात, काटा ६० मैल आणि फोनही ६० मैल, म्हणजे सगळं ठीक असं समजतात. चकती असो वा चिप, वेग दोन्हीत बरोबरच दिसणार. त्यातून ओडोमीटरबद्दल काहीही सिद्ध होत नाही. अंतरच मोजावं लागतं.

इंग्लंडच्या मोटरवेवर कडेला दर १०० मीटरला खांब असतात आणि साधारण दर ५०० मीटरला निळ्या पाट्या, ज्यांवर किलोमीटरमधला आकडा लिहिलेला असतो. मैलांच्या देशात ही सोय आहे हे तिथल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. शेजारी बसलेल्याने पाटीवरचा आकडा आणि ओडोमीटर टिपून ठेवायचा, २० किलोमीटर गेल्यावर पुन्हा टिपायचा. आकडा २० ने वाढला तर किलोमीटर, १२ किंवा १३ ने वाढला तर मैल. टायर वेगळ्या मापाचे असले तर चार-पाच टक्के फरक पडेल, पण किलोमीटर आणि मैलांतला फरक ३८ टक्क्यांचा असल्याने गोंधळ होत नाही. आणखी एक खूण: डॅशबोर्डवर लिटरमागे सरासरी दाखवणारी गाडी असेल आणि १२ देणारी गाडी साडेसात दाखवत असेल, तर इंजिन बिघडलंय असं समजण्याआधी चिप शोधा.

आता मुख्य हिशोब. जपानमधून निघताना ८०,००० किलोमीटर, ब्रिटनमध्ये आल्याआल्या चिप, आज ओडोमीटरवर १,१०,०००. विक्रेता म्हणेल, ‘सगळे किलोमीटर आहेत, म्हणजे ६८,३५१ मैल.’ चूक. ८०,००० किलोमीटरचे ४९,७१० मैल आणि नंतरचे ३०,००० मैल, एकूण ७९,७१०. अकरा हजारांहून जास्त मैल हवेत विरले, आणि कोणी मीटर मागे फिरवलेलाही नाही. उलट ‘१,१०,००० मैल’ असं लिहून स्वतःचंच नुकसान करून घेणारे प्रामाणिक मालकही असतात. त्यामुळे चिपवाल्या गाडीत खरा प्रश्न एकच: चिप बसवली त्या दिवशी आकडा किती होता? बसवणाऱ्याचं बिल किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवलेली नोंद मिळाली तर सोनं. नाही मिळाली तर आयातीच्या वेळचा आकडा धरायचा, कारण चिप सहसा तेव्हाच बसते. तोही नसेल तर दोन टोकं लिहायची: सगळे किलोमीटर धरले तर किमान इतके, सगळे मैल धरले तर कमाल इतके. मधला सोयीचा आकडा जाहिरातीत लिहू नका.

आयातीच्या वेळचा आकडा जपानी कागदांत असतो. तिथली सक्तीची तपासणी म्हणजे शाकेन. नव्या खासगी गाडीला पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. २००४ पासून तपासणीच्या दाखल्यावर मीटरचं वाचन लिहितात आणि २००९ पासून आधीच्या तपासणीचंही. शेकड्याखालचे आकडे सोडून देतात, म्हणून तिथे ६१,३४७ ऐवजी ६१,३०० दिसेल. तेवढ्यावरून संशय घेऊ नका. गाडी निर्यात होताना मिळणाऱ्या दाखल्यावरही ही वाचनं शेऱ्याच्या रकान्यात उतरतात. नुसतं इंग्रजी भाषांतर मिळालं तर मूळ मागा, भाषांतरात नेमका हा रकाना गाळलेला असू शकतो. तारखा जपानी कालगणनेत असतात: हेइसेइ वर्षात १९८८ मिळवा, रेइवा वर्षात २०१८. हेइसेइ २८ म्हणजे २०१६.

लिलावाचा तक्ता, म्हणजे जपानमध्ये गाडी लिलावात विकताना तिची अवस्था आणि मीटरचा आकडा लिहिलेला कागद, हा दुसरा पुरावा. पण फोटोवर आकडा बदलणं सोपं आहे, म्हणून विक्रेत्याने पाठवलेली प्रत पुरावा धरू नका. चासी नंबरवरून स्वतंत्रपणे मागवा. जपानी गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षरी नसतो, त्यामुळे साधी ऑनलाइन चौकशी रिकामी आली तरी घाबरू नका. इंजिनच्या कप्प्यातले आणि दाराच्या कडेचे जपानी स्टिकरही वाचा. ऑइल किंवा टायमिंग बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर त्यांवर असतात. गाडी धुणाऱ्याने ते काढून टाकण्याआधी फोटो घ्या.

मग ब्रिटनची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची तिथली सक्तीची वार्षिक तपासणी. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की जुनी वाचनं एककासह फुकट दिसतात. पण एकक तपासनीस डोळ्यांनी बघून निवडतो, आणि तिथे चुका होतात. एका वर्षी ८४,३०० किलोमीटर आणि पुढच्या वर्षी ५८,९०० मैल दिसलं तर दचकू नका: ते ९४,७९० किलोमीटर होतात, म्हणजे वर्षाला साडेदहा हजार, अगदी साधारण. तिथेच ३१,००० मैल असते तर ते ४९,८९० किलोमीटर झाले असते, आणि ती गाडी तिथेच सोडायची. हिस्टरी चेक करणाऱ्या कंपन्या एककाच्या अशा बदलालाही ‘रनिंगमध्ये तफावत’ म्हणून लाल शेरा देतात. त्या शेऱ्यावरून गाडी नाकारू नका आणि शेरा नाही म्हणून घेऊही नका.

पेडलचं रबर, सीटची कड, स्टिअरिंगची चमक या गोष्टी शेवटी बघा. पेडलचं रबर थोड्या पैशांत बदलता येतं. घासलेलं पेडल आणि कमी आकडा एकत्र दिसले तर कागद पुन्हा तपासायचे, इतकाच त्यांचा उपयोग.

ब्रिटनमध्ये मीटरचा आकडा बदलणं हा स्वतःहून गुन्हा नाही. खरं रनिंग लपवून गाडी विकणं हा आहे. म्हणून विक्रीच्या कागदावर दोन्ही भाग वेगळे लिहा: आयातीच्या वेळी ८०,००० किलोमीटर, चिप बसवली ती तारीख, नंतर ३०,००० मैल, एकूण अंदाजे ७९,७०० मैल. खाली गिऱ्हाइकाची सही घ्या आणि कागदाची एक प्रत गाडीच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या मालकालाही हिशोब सापडेल.