जुना फ्लॅट भाड्याने देताय? आधी हिशेब, मग चावी

मोठं घर घेतलं की जुन्या फ्लॅटचं काय करायचं, यावर घरात वाद होतोच. "पहिलं घर आहे, विकायचं नाही," असं कुणीतरी म्हणतं. आम्हीही पुण्यातला वन बीएचके तसाच ठेवला. पण आधी कागद-पेन घ्या.

समजा, फ्लॅटला आज ६० लाख येतील आणि भाडं २० हजार मिळेल. वर्षाचे २ लाख ४० हजार. त्यातून मेंटेनन्स ३० हजार, सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क ३ हजार (मालक स्वतः राहत नसेल तर लागतं ते; हे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, मागितलं तर भांडा), मिळकतकर १५ हजार, डागडुजी १२ हजार आणि एक महिना घर रिकामं राहिलं तर २० हजार वजा करा. उरले १ लाख ६० हजार, म्हणजे पावणेतीन टक्केही नाहीत. यापेक्षा जास्त तर एफडीही देते. किंमत वाढेल किंवा पुढे मुलं राहतील, असं खरंच वाटत असेल तरच ठेवा.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. भाडेकरू आला की ती जाते, हेही धरा. प्राप्तिकरात मात्र थोडा दिलासा आहे. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत. गृहकर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत त्यातून तोटा निघाला तर तो पगारातून वळता होत नाही.

मग रंगकाम, नळ, गीझर बघून घ्या. दाराच्या चौकटीवर लेकीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा असतील तर रंगाऱ्याला बोलवण्याआधी फोटो काढा. आम्ही विसरलो.

करारात कंजुषी नको. ओळखीचा आहे म्हणून नोटरीवर भागवणारे खूप भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर भाड्याने देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्या डोक्यावर. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, शिवाय डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून त्याचाही पाव टक्का. वरच्या उदाहरणात ६० हजार डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार असेल तर साडेपाचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १ हजार. आधार आणि अंगठ्याचा ठसा देऊन घरबसल्या काम होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवायची, सोसायटीला प्रत द्यायची.

चावी देताना पंखे, ट्यूब, गीझर, किल्ल्या यांची यादी करून दोघांनी सह्या करायच्या आणि वीजमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढायचा. आमचा पहिला भाडेकरू दोन महिन्यांचं बिल ठेवून गेला आणि आम्ही डिपॉझिट आधीच परत दिलं होतं. आता ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी शून्य दिसल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही.