जुन्या स्पोर्ट्स कारला दुसरं इंजिन बसवायचंय? आधी आरसी बुक उघडा

बाबांची १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, माझ्या भोसरीच्या शॉपमध्ये दोन लेथच्या मागे उभी आहे. दिवसभर बोअर आणि शाफ्ट मोजणं हेच माझं काम, तरी या गाडीसाठी पहिलं इंजिन मी न मोजता घेतलं. कॉन्टेसातलं इसुझूचं १.८ लिटर, पाच गिअरच्या बॉक्ससकट, बरं मिळत होतं म्हणून. क्रेनला लटकवून ते गाडीत उतरवलं आणि बॉनेट मिटेना. स्पिटफायरचं बॉनेट म्हणजे दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटणारं एकच मोठं झाकण, त्याला मधे कुठे कापून उंचवटा करायचा तर गाडीचा चेहराच जातो. शिवाय नाक खाली बसलं होतं. ते इंजिन मी तोट्यात विकलं. त्या चार महिन्यांत जे शिकले ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हल्ली आठवड्याला एक तरी फोन येतो: "ताई, कुठलं इंजिन टाकू?"

इंजिनाचं नाव मी सगळ्यात शेवटी घेते. आधी आरसी बुक.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा वेगळ्या कंपनीचं इंजिन मंजूर होईलच असं गृहीत धरून पैसे मोजू नका. आधी आरटीओत लेखी विचारा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण येतं, तेव्हा इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही बघतो.

गाडी पन्नाशीच्या पुढची असेल तर आणखी एक गोष्ट आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षं चालते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की ही वाट बंद होते. उलट बाजूने, विंटेज नोंदणीची गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे प्रश्न असा: तुम्हाला गाडी जपायची आहे की रविवारी सकाळी ताम्हिणीत न्यायची आहे? याचं उत्तर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. माझ्या भिंतीवर आहे: "महिन्यातून दोनदा घाट, आईला शेजारी बसवून, रस्त्यात बंद न पडता."

मूळ इंजिन हातात असेल तर त्याचा विचार मनापासून करा. १९६२ ते १९८० मध्ये तीन लाखांहून जास्त स्पिटफायर बनल्या, त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट आजही ब्रिटनमधून नवे मिळतात. वर कस्टम्स पडतं एवढंच. या इंजिनाची दुखरी नस म्हणजे क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, थ्रस्ट वॉशर. झिजले की ते खाली संपमध्ये, म्हणजे ऑइलच्या भांड्यात, पडतात आणि क्रँक पुढेमागे सरकायला लागून ब्लॉकच खातो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली तर इंजिन उघडायलाच हवं. रिबिल्ड करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक इन्सर्टच्या बसवून घ्या, कारण ही इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातली आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच गेलं.

आमच्या गाडीचं मूळ १२९६ सीसी इंजिन नेमकं याच वॉशरमुळे १९८४ साली गेलं. तेव्हा इंग्लंडहून पार्ट मागवणं बाबांच्या पगारात बसत नव्हतं. त्यांनी मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डचं ९४८ सीसी इंजिन टाकलं आणि आरसीवर नोंद करून घेतली. स्पिटफायरची चासीच हेराल्डवरून आलेली, त्यामुळे ते हातमोज्यासारखं बसलं. फक्त कात्रज चढताना दम लागायचा. बाबा दुसरा गिअर टाकून शांतपणे चढायचे. त्या नोंदीचा कागद हे त्यांनी माझ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम, हे मला आत्ता कळतंय.

आता पर्याय. आपल्याकडचं इंजिन निवडताना माझा एकच आग्रह आहे: इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतले घ्या आणि ती गाडी पुढे लांबीच्या दिशेने बसवलेलं इंजिन, मागच्या चाकांना ताकद अशा पद्धतीची असू दे. वेगळ्या घरचे दोघे जोडायचे तर मधे अॅडॉप्टर प्लेट येते. ती क्रँकच्या केंद्राशी ०.१ मिमीच्या आत जुळली नाही तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग आणि क्लच लवकर जातात. मी स्वतः अशा प्लेट बनवते, म्हणूनच सांगते: टाळता येत असेल तर टाळा. स्विफ्टसारख्या आडव्या इंजिनांचा गिअरबॉक्स पुढच्या चाकांसाठीचा, तो इथे चालत नाही. ईकोचं इंजिन सीटखाली बसायला बनवलेलं आहे. उंची वाचते, पण बाकी सगळं नव्याने रचावं लागतं.

प्रीमियर ११८ एनईमधलं निस्सानचं ए १२, ११७१ सीसी, हे साधं, गुणी इंजिन आहे. कार्ब्युरेटर आहे, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) नाही, वायरिंग संध्याकाळभरात होतं. ताकद मात्र पन्नासच्या आसपास अश्वशक्ती, आणि स्पिटफायर मार्क ३ ची मूळची ७५. हेराल्डमध्ये टाकायचं असेल तर मी डोळे मिटून हेच सुचवेन.

मी ठरवलंय ते जिप्सीचं. मारुती जिप्सी किंगचं १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं) इंजिन: ८० अश्वशक्ती, १०३ न्यूटन मीटर टॉर्क. मूळ इंजिनाचा टॉर्कही जवळजवळ एवढाच, म्हणून स्पिटफायरच्या नाजूक डिफरन्शियलवर आणि मागच्या हाफ शाफ्टवर जास्तीचा भार येत नाही. इसुझूच्या वेळी मी याचा विचारच केला नव्हता. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, त्यामुळे नाक हलकं राहतं. आणि जिप्सीत ट्रान्स्फर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेली नसते; ती मागे वेगळी असते, मधे छोटा शाफ्ट. तो सोडवला की हातात उरतो सरळसाधा पाच गिअरचा बॉक्स, थेट मागच्या चाकांसाठी.

गिअरचं गणित वहीत करा, अंदाजाने नको. माझ्या टायरचा एक फेरा साधारण १.७६ मीटरचा. मार्क ३ च्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.११. मूळ चौथ्या गिअरला ताशी १०० किमीला इंजिन ३९०० आरपीएमवर ओरडतं. जिप्सीच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर सुमारे ०.८, म्हणजे तोच वेग ३१०० आरपीएमला. सातारा रस्त्यावर आईशी बोलता येईल की नाही, ते या ८०० आरपीएमवर ठरतं.

अडचणी दोन, आणि दोन्ही आधी माहीत असाव्यात. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो, स्पिटफायरचा पेडल हायड्रॉलिक आहे. क्लच झाकणाऱ्या बेल हाउसिंगवर ब्रॅकेट करून क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर लावावा लागतो. दुसरी: जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते. ट्रान्स्फर केस काढली की वेग दाखवणारं काहीच उरत नाही. मी प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर सेन्सर लावून जुन्या डायलच्या आत नवं मीटर बसवणार आहे. शाफ्ट नव्याने बनवून बॅलन्स करून घ्यावाच लागेल, त्यात काटकसर नको.

इंजिन विकत घेण्याआधी त्याचा पुठ्ठ्याचा नमुना करा. आमच्याकडे गणपतीच्या मखराचा जाड पुठ्ठा उरला होता. नाना पेठेतल्या एका चाचांनी दुकानातल्या इंजिनाची मापं घेऊ दिली: एकूण उंची, संपच्या खोलगट भागाची जागा, पुलीपासून बेल हाउसिंगपर्यंतची लांबी, एक्झॉस्ट कुठल्या बाजूला निघतो. तेवढा खोका करून गाडीत ठेवला आणि बॉनेट मिटून पाहिलं. संप चासीच्या आडव्या भागावर टेकतो का, एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला भाजतो का, रेडिएटरपुढे पंख्याला जागा उरते का, हे सगळं त्या खोक्यावरून कळलं. स्पिटफायरमध्ये गिअरबॉक्सवरचं आवरण आतून बोल्ट काढले की निघतं, त्यामुळे मागची बाजूही मोजता येते. एका रविवारचं काम आहे. इसुझूच्या वेळी हा एक रविवार दिला असता तर चार महिने वाचले असते.

जुनं इंजिन घ्यायला जाताना मी बॅटरी, जंप केबल आणि कॉम्प्रेशन गेज बरोबर नेते. सगळे प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, स्टार्टरने फिरवायचं. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर मी परत फिरते. ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका. बिल, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी रद्द झाल्याचा कागद, तिन्ही घ्या. ईसीयू, वायरिंग लूम, सेन्सर आणि चावी त्याच गाडीचे हवेत. नंतर एकेक जमवायला गेलात तर पुण्याच्या जुन्या बाजाराचे सगळे बुधवार आणि रविवार संपतील.

एमपीएफआयला पेट्रोल सुमारे ३ बार दाबाने लागतं, कार्ब्युरेटरच्या पंपाने भागत नाही. नवा पंप, फिल्टर, टाकीकडे परतीची नळी, सगळं आलं. आणि रबर बदला. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, चिरतात. तुम्ही मूळ इंजिनच ठेवलंत तरी हे करायचंच. नळीतून गळणारं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. ईसीयू लावण्याआधी ते तपासा, उलट जोडणीत तो क्षणात जळतो.

ताकद वाढवायचीच असेल त्यांना एक कळकळीची विनंती. मार्क ३ पर्यंतच्या स्पिटफायरला मागे स्विंग अॅक्सल आहे. वळणात वेगाने शिरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला की बाहेरचं मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी मागून फिरते. खंबाटकीच्या उतारावर मी हे बाबांच्या शेजारी बसून अनुभवलंय, तेही ९४८ सीसीवर. आधी मागचं सस्पेन्शन आणि ब्रेक, त्यानंतरच जास्तीची अश्वशक्ती.

इलेक्ट्रिकबद्दलही विचारतात. कलम ५२ मध्ये त्यासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे, पण मान्यताप्राप्त किट असेल तरच. वेताळ टेकडीवर आपली एआरएआय, म्हणजे गाड्यांची चाचणी करणारी संस्था, आहे, अशा किटची चाचणी तिथे होते. तुमच्या गाडीसाठी मंजूर किट आहे का, एवढंच आधी विचारा.

माझा अर्ज संगम पुलाजवळच्या आरटीओत गेल्या महिन्यात दिला. सोबत दोन्ही इंजिनांची तुलना, माउंटिंगचं ड्रॉइंग आणि बाबांच्या १९८४ च्या नोंदीची प्रत जोडली. उत्तर हातात येईपर्यंत गाडीत बाबांचं ९४८ च असेल. या रविवारी त्याच्यावरच कात्रज चढणार आहोत, दुसऱ्या गिअरमध्ये.