मॉलमधी कॅरीबॅगचे पैसे कसे टाळायचे, अन् लागलेच तर काय करायचं

आधी आमच्यासोबत काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं पटकन लक्षात येईल. दिवाळीच्या आधी आई अंबडहून संभाजीनगरला आली होती, तिला घेऊन एका मोठ्या सुपरमार्केटात गेलो, महिन्याचा किराणा अन् फराळाचं सामान घ्यायचं होतं. आई कुठं बी जाताना तिची वायरची पिशवी घेऊनच निघते, हिरवी-पांढरी, माझ्या कॉलेजच्या टायमाची असंल. दारात सिक्युरिटीवाल्यानं पिशवीत डोकावलं, आत पाण्याची बाटली अन् चष्म्याचं घर, एवढंच. तरी त्यानं दोन्ही कान एकत्र धरून प्लास्टिकची पट्टी करकचून आवळली अन् म्हणला झालं, जा आता. तासभर फिरून काउंटरला आलो तर बिल करणारी पोरगी एका हातानं स्कॅन करायली अन् दुसऱ्या हातानं सामान कॅरीबॅगमधी टाकायली. आई म्हणली आमची पिशवी हाय की बाई. पण पट्टी कापायची कात्री दारावर, अन् मागं ही मोठी लाईन. बिलाच्या शेवटच्या ओळीत कॅरीबॅग लार्ज, १ नग, १२ रुपये. आई गाडीवर बसली तरी तेच, "पिशवी आपली, आपल्याच हातात, अन् पैसे देऊन दुसरी घ्यायची व्हय?"

बारा रुपयानं काय होत नाही हे मला बी कळतं, कमेंटमधी तेवढं सांगायला येऊ नका. पण हे पैसे अशा टायमाला लागतात की माणसाला नाही म्हणायची लाज वाटते, सामान काउंटरवर पसरलेलं, मागचा माणूस ट्रॉली टाचेला लावायला, मग आपण म्हणतो जाऊ दे, टाका. म्हणून जे काय बोलायचं ते त्याच्या आधी बोलायचं.

सुरुवात दारातून करायची. आत जायच्या आधी बोर्ड बघा, कॅरीबॅगचे वेगळे पैसे पडतील असं लिहिलंय का अन् किती लिहिलंय. असला तर फोटो काढा, नसला तर दाराचा अन् काउंटरचा फोटो काढा, पुढं कामी येतो. आपली पिशवी रिकामी न्या, एकदम रिकामी, अन् घडी करून. आमची चूक हीच झाली, बाटली अन् चष्मा आत होता म्हणून सील बसलं. रिकामी घडी केलेली कापडी पिशवी असली तर बहुतेक ठिकाणी गार्ड काय म्हणत नाही, माझा तरी असाच अनुभव हाय. तो ठेवाच म्हणला तर भांडू नका, त्याला वरून सांगितलेलं असतं. फक्त विचारा की मग सामान कशात नेऊ, अन् तुमची बॅग फुकट हाय का पैशाची. त्याला माहीत नसलं तर आत मॅनेजरला विचारा, पण खरेदीच्या आधी विचारा, नंतर नाही.

काउंटरवर पहिला बारकोड वाजायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "बॅग नको, आमची हाय." शेवटी म्हणून उपयोग नाही, कारण बऱ्याच ठिकाणी पैसे लागतील हे कुणी सांगतच नाही, फक्त "बॅग लागेल ना सर?" असं विचारतात अन् आपण सवयीनं मान हलवतो, की झालं, बॅग बिलात. पैसे द्यायच्या आधी स्क्रीनवरची शेवटची ओळ बघायची सवय लावा. बॅग दिसली तर "ती कॅरीबॅग कमी करा" म्हणा. एकदा चढलेली वस्तू काढायला काही ठिकाणी सुपरवायझरला बोलवावं लागतं, पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. पण एकदा फोन-पे झालं की ते पैसे परत घेणं म्हणजे निस्ती डोकेदुखी. पिशवी विसरलीच असली तर सामान तसंच ट्रॉलीत टाकून पार्किंगपर्यंत न्यायचं, डिकीत अर्धं, हँडलला अर्धं. मी एकदा हेल्मेटमधी चार किलो साखर आणलेली हाय.

आता कायद्याचं बोलू, कारण ह्यात लै गैरसमज हायेत. व्हॉट्सअपवर फिरतं की कॅरीबॅगचे पैसे घेणं गुन्हा हाय. तसं सरसकट नाही. अन् काउंटरवाले म्हणतात सरकारचा नियम हाय, फुकट देताच येत नाही. ते बी अर्धंच. २०११ च्या केंद्राच्या नियमात प्लास्टिकची कॅरीबॅग फुकट देऊ नये असं होतं. मग २०१६ च्या नियमात आलं की प्लास्टिक बॅग देणाऱ्या दुकानदारानं नोंदणी करून वर्षाला कमीत कमी ४८,००० रुपये भरायचे, म्हणजे महिन्याला ४,०००. तो नियम २०१८ मधी काढून टाकला. अन् हे सगळं प्लास्टिकच्या बॅगबद्दल होतं. तुमच्या हातात कागदाची नाहीतर कापडाची बॅग देऊन कुणी सरकारचं नाव सांगत असलं तर विचारा, कोणता नियम भाऊ?

खरा मुद्दा आधी सांगितलं का नाही हा हाय. २२ डिसेंबर २०२० ला राष्ट्रीय ग्राहक आयोगानं बिग बझारच्या प्रकरणात हेच म्हणलं, की बॅगचे पैसे पडणार, किती पडणार अन् बॅग कशी हाय हे गिऱ्हाइकाला सामान निवडायच्या आधी कळलं पाहिजे, एकदम बिलाच्या टायमाला लावणं ही अनुचित व्यापार प्रथा हाय. त्याच्या आधी २०१९ मधी चंडीगडला बाटाचं प्रकरण गाजलं होतं. बूट ३९९ चा, कागदी बॅग ३ रुपयाची, बिल ४०२. तिथल्या ग्राहक मंचानं ३ रुपये परत द्यायला लावले अन् वरून भरपाई, खर्च, दंड धरून कंपनीला ९,००० रुपयाला पडलं. बॅगवर कंपनीची जाहिरात छापलेली, म्हणजे जाहिरात तुमची अन् पैसे गिऱ्हाइकानं द्यायचे, हे बी मंचानं सुनावलं. आमच्या त्या १२ रुपयाच्या बॅगवर बी दुकानाचं नाव हे एवढं मोठं होतं.

म्हणजे न सांगता पैसे लागले तर बिल फेकू नका. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यात पुसट व्हायला लागू शकतं, म्हणून घरी आल्याबरोबर फोटो काढा, बॅगचा बी काढा, दोन्ही बाजूनं. पहिले दुकानाच्या मॅनेजरला सांगा, बऱ्याचदा तिथंच पैसे परत मिळतात, अन् गोड बोललं तर लवकर मिळतात. नाही ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बी बोलता येतं. ते काय कोर्ट नाही, तुमची तक्रार कंपनीकडं पाठवतात, पण कंपन्या तेवढ्यानं बी हलतात. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग. दुकान संभाजीनगरात असलं अन् तुम्ही जालन्यात राहता तर जालन्यात तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्यात तशी सोय हाय. ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं, अन् ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन बी भरता येते. पण खरं सांगू का, तारखा पडतात, चकरा होतात. १२ रुपयासाठी एवढं करायचं का हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी नाही केलं. १९१५ ला फोन मात्र केला.

आठवडी बाजारात उलटं असतं. तिथं पन्नी फुकट, कोथिंबिरीला वेगळी, मिरच्याला वेगळी, नको म्हणलं तरी गाठ मारून हातात. पण राज्यात २३ मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी हाय अन् पहिल्यांदा सापडलं तर दंड ५,००० रुपये, एवढी तर त्या मेथीवाल्या मावशीची दिवसाची विक्री बी नसती. दही अन् मटणाला स्टीलचा डबा न्या, बाकीच्याला मोठी पिशवी पुरते. बटाटे कांदे खाली, टमाटे वर, हे सांगायला नाही पाहिजे.

वायरच्या पिशवीची घडी होत नाही म्हणून आईनं आता माझ्या जुन्या जीन्सची पिशवी शिवलीय, मागचे दोन खिसे तसेच ठेवलेत. परवा त्याच दुकानात गेलो तर गार्डनं पिशवी उलटीपालटी केली, आत काहीच नाही. मग खिशात हात घातला तर बडीशेपची पुडी निघाली. आई म्हणली, "घे चिमूटभर, पण पट्टी बांधू नको."