कादंबरीच्या प्लॉटमधली भगदाडं ग्रुपकडून शोधून घेताय? या चुका टाळा

ड्राफ्ट लेखनाच्या ग्रुपमध्ये वाचायला दिला की प्लॉट आपोआप तपासून होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाही. सगळे वाचतात, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून देतात, भाषा छान जमलीय म्हणतात आणि कथानकातलं भगदाड जिथल्या तिथे राहतं, कारण ते शोधा असं कुणी कुणाला सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे महिन्याला एकेक प्रकरण देणं. सुटं प्रकरण छानच वाटतं, पण आठव्या प्रकरणात नायकाला ज्या बातमीचा धक्का बसतो ती त्याला तिसऱ्यातच कळली होती हे इतक्या महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहणार? प्लॉट तपासायचा तर पूर्ण ड्राफ्ट द्या आणि आठवड्याभरात संपवायला सांगा. तेवढा वेळ कुणाकडे नसेल तर प्रकरणवार तक्ता करून द्या, दिवस कोणता, कोण कुठे आहे आणि त्या क्षणी कुणाला काय माहीत आहे. हा शेवटचा रकाना भरतानाच निम्म्या गडबडी तुम्हाला स्वतःलाच दिसतील.

दुसरं, "कशी वाटली?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "मस्त" असंच येतं. त्यापेक्षा हस्तलिखित बाजूला ठेवून एकाला पूर्ण गोष्ट तोंडी सांगायला लावा. सांगता सांगता तो जिथे अडखळतो, "मग काहीतरी होतं आणि ते गावी येतात" असं म्हणून पुढे सरकतो, तिथे पेन्सिलने खूण करा. आणि त्या वेळी तुम्ही गप्प बसा, प्लीज. "अरे, तो तिचा मामा आहे ना, म्हणून" असं तुम्ही बोललात की भोक तिथल्या तिथे बुजतं, पण फक्त त्या खोलीत. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चूक. समजा गोष्ट २०१२ सालची आहे, वडील गेलेत आणि कोकणातलं वडिलोपार्जित घर दोघं भाऊ विकायला काढतात, बहीण पहिल्या काही पानांत दिसते आणि सासरी निघून जाते ती परत येतच नाही. ग्रुपमधलं कुणीतरी विचारणारच, बहिणीची सही कुठंय? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला, लग्न झालेलं असलं तरी, मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळे तिला वगळून सरळ व्यवहार होणारच नाही. इथपर्यंत ग्रुप अगदी बरोबर असतो. मग उपाय सुरू होतात, एक म्हणतो बहीण काढूनच टाक, दुसरी म्हणते भावांनी खोटी सही केली असं दाखव, तिसऱ्याला गोष्ट थेट २००० च्या आधी न्यायचीय, आणि लेखक बिचारा ज्याला जास्त मतं पडली ते लिहून मोकळा होतो. असं करू नका. दुखतंय कुठे हे वाचक बरोबर सांगतो, औषध मात्र तो स्वतःच्या डोक्यातल्या गोष्टीचं देतो. सही नाही एवढंच घ्या आणि घरी येऊन विचार करा की ही बाई काय करेल. माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करायला निबंधक कार्यालयात येते, भाऊ तिच्यासाठी चहा मागवतो, साक्षीदार यायचे असतात म्हणून तिघं एकाच बाकावर बसून राहतात... कदाचित हाच कादंबरीतला सगळ्यात चांगला प्रसंग ठरेल, आणि तो त्या भगदाडामुळेच सापडला!

तपशिलाची चूक आणि प्लॉटची चूक यात पण गल्लत होते. १९८५ सालचा नायक मुंबईहून ट्रेनने कणकवलीला उतरला असेल तर एसटीत बसवा, काम झालं, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला. पण गणपती बसले त्या रात्री दोन वाजता साक्षीदाराने चांदण्यात खुन्याचा चेहरा ओळखला असेल तर प्रकरण गंभीर आहे, चतुर्थीचा चंद्र लवकर मावळतो, दोनला तो आकाशात नसतोच, आणि तुमचा अख्खा खटला त्या ओळखण्यावर उभा असतो. पहिल्या प्रकारावर मीटिंग घालवू नका, मार्जिनमध्ये लिहून द्यायला सांगा.

अजून एक, भोक जिथे दिसतं तिथेच ठिगळ लावू नका. विसाव्या प्रकरणात "त्याला अचानक आठवलं" असं टाकण्यापेक्षा आठवण्यासारखं काहीतरी पाचव्यात पेरा.

आणि ग्रुपमधले दोघं जण पहिल्या फेरीपासून लांब ठेवा, कारण ज्यांनी आधीचा ड्राफ्ट वाचलाय त्यांना नवीन ड्राफ्टमधली गाळलेली जागाही भरलेलीच दिसते. दुरुस्त केलेला ड्राफ्ट या दोघांना द्या, ग्रुपवरची आधीची चर्चा पण दाखवू नका. वाचून झालं की विचारा, बहिणीने सही का केली? पान उघडून कारण दाखवता आलं तर दुरुस्ती बसलीय, "केली असेल बाई, भावांसाठी" असं आलं तर अजून लिहायचं बाकी आहे.