दापोलीच्या पिनकोडचे अवयव कसे पाडावेत

मोठी संख्या समोर आली की हात आधी मोबाइलकडे जातो. परंतु सहा अंकी संख्येचे मूळ अवयव कागद-पेन्सिलीनेही पाडता येतात, आणि एकदा ते पडले की तिच्याविषयीचे बरेच प्रश्न फारसे कष्ट न घेता सुटतात. उदाहरणादाखल दापोलीचा पिनकोड ४१५७१२ घेऊ. याच तालुक्यातील मुर्डी गावी जन्मलेले र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर (तेथील गणिताच्या पदवी परीक्षेत पहिला येणारा) झाले, तेव्हा गणितासाठी हा पिनकोड निवडण्यात काही गैर नसावे.

संख्या सम आहे, म्हणून ती विषम होईपर्यंत निम्मी करीत जावे: २०७८५६, १०३९२८, ५१९६४, २५९८२, १२९९१. पाच वेळा निम्मी झाली, म्हणजे २ हा अवयव पाच वेळा आला.

आता १२९९१ कडे वळावे. अंकांची बेरीज २२, म्हणून ३ ने भाग जात नाही. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ नेही नाही. ७ ने भागल्यास बाकी ६ उरते. ११ साठी एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा कराव्यात. १+९+१ आणि २+९ या दोन्ही ११ येतात, फरक शून्य, म्हणून भाग जातो आणि ११८१ उरतात.

खरी दक्षता येथे हवी. ११८१ चे १ खेरीज दोन अवयव असतील, तर दोन्ही ३४ हून मोठे असू शकत नाहीत, कारण ३५ चा वर्गच १२२५ होतो. त्यामुळे ३१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासणे पुरेसे असते. ३, ५ व ७ आधीच बाद झाले आहेत. ११ ने बाकी ४ उरते, तर १३, १७, १९, २३, २९ व ३१ ने अनुक्रमे ११, ८, ३, ८, २१ व ३. अर्थात ११८१ मूळ आहे. केवळ दिसण्यावर विसंबू नये: शेजारची ११८३ तितकीच मूळ वाटते, पण ती ७×१३×१३ आहे. मी तिला एकदा बिनधास्त मूळ ठरवून पुढचे पानभर गणित वाया घालवले होते.

तर ४१५७१२ = २^५ × ११ × ११८१. विभाजक किती, हे काढण्यासाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा: ६×२×२, म्हणजे २४. त्यांची बेरीज ६३×१२×११८२ = ८९३५९२ येते; त्यातून मूळची संख्या वजा केली तरी ४७७८८० उरतात, म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज संख्येहून मोठी आहे.

ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून मात्र लिहिता येत नाही. ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली की ते अशक्य होते, आणि येथे ११ एकदाच आला आहे. तो काढून टाकल्यावर उरणारी ३७७९२ ही ११६ व १५६ यांच्या वर्गांची बेरीज आहे.